रोकी सासाकीला पुन्हा स्टार्टर करावं का?

नववा_डाव
अमेरिकन बेसबॉलमधल्या लॉस एंजेलिस डॉजर्सचा जपानी पिचर रोकी सासाकी २०२६ साठी पुन्हा रोटेशनमध्ये (आळीपाळीने सामने सुरू करणाऱ्या पिचरांत, म्हणजे स्टार्टर), असं संघाकडून सांगितलं गेलंय. डिसेंबर २०२५ मध्ये क्लोझर (शेवटची इनिंग टाकणारा) एडविन डियाजला तीन वर्षं, ६ कोटी ९० लाख डॉलरला घेतल्यावर नवव्या इनिंगची जागाही भरली. निर्णय झाल्यासारखा दिसतो, पण तो बरोबर आहे का यावर इथे नीट बोलायचंय.

२०२५ चा हिशोब असा. स्टार्टर म्हणून ८ सामने, ३४ इनिंग १ आउट (तीन आउटची एक इनिंग), ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा) ४.७२, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) २४, वॉक (चार चेंडू स्ट्राइक झोनबाहेर गेल्याने बॅटरला फुकट पहिला बेस) २२. म्हणजे नऊ इनिंगमागे ६.३ स्ट्राइकआउट आणि ५.८ वॉक. जो माणूस जपानमधल्या चिबा लोट्टे संघासाठी २०२३ मध्ये ९१ इनिंगमध्ये १३५ जणांना स्ट्राइकआउट करत होता, त्याचे हे आकडे आहेत. १३ मेला खांद्याच्या इंपिंजमेंटमुळे (सांध्यात कफ घासणं किंवा चिमटणं) तो दुखापतीच्या यादीत गेला, आणि सप्टेंबरच्या शेवटी परतला तो बुलपेनमधून, म्हणजे सामन्यात मधे येणारा रिलीव्हर म्हणून. पोस्टसीझनमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) ९ सामने, १० इनिंग २ आउट, ईआरए ०.८४, ३ सेव्ह (आघाडी राखून सामना संपवणं).

माझं मत: न्यावं, पण ऑक्टोबरमध्ये चांगला खेळला म्हणून नव्हे. पावणेअकरा इनिंगवरून स्टार्टरबद्दल काहीच कळत नाही. चर्चा तीन गोष्टींवर व्हावी: तिसरा पिच (टाकायच्या चेंडूचा तिसरा प्रकार), पहिल्या चेंडूवर स्ट्राइक, आणि खांदा किती पेलेल.

शेवटची_तीन
माझा विरोध आहे. पोस्टसीझनमध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध चौथ्या सामन्यात आठवी, नववी, दहावी इनिंग: नऊ बॅटर आले, नऊ गेले. बेसवर एकही नाही. वेग ९९-१०० मैल. हाच माणूस मेमध्ये ॲरिझोनाविरुद्ध ९५ च्या आसपास टाकत होता आणि त्या सामन्यात एकही स्ट्राइकआउट नव्हता. १५-२० चेंडूंत सगळा जोर ओतायचा म्हटलं की वेग येतो, ८५ चेंडूंना पुरवायचा म्हटलं की जातो.

आणि या संघाला स्टार्टरची कमतरता कुठे आहे? यामामोतो, स्नेल, ग्लासनाओ, ओहतानी, शीहान. शस्त्रक्रियेनंतर परतणारे गॅव्हिन स्टोन आणि रिव्हर रायन वेगळेच. डियाज असला तरी आठवी इनिंग रिकामी आहे, आणि २०२५ मध्ये या संघाची सगळ्यात दुखरी जागा बुलपेनच होती.

कॅचरची_जागा
वेगाबद्दल बरोबर, पण वेग हा अर्धाच भाग आहे. मूळ अडचण पिचच्या जुळणीची आहे. थोडं सविस्तर लिहितो.

सासाकीचा स्प्लिटर (शेवटी अचानक खाली पडणारा चेंडू) खरोखर दुर्मीळ आहे. वेग ८५ मैलांच्या आसपास, आणि स्पिन मिनिटाला साधारण ५०० फेऱ्या. इतक्या कमी फिरणाऱ्या चेंडूला हवा हवी तशी ढकलते, त्यामुळे तो कधी हाताच्या बाजूला पडतो, कधी उलट्या. बॅटरला अंदाज येत नाही, पण कॅचरलाही येत नाही आणि खुद्द पिचरलाही तो नेमक्या जागी टाकता येत नाही. म्हणून हा स्ट्राइक मिळवायचा चेंडू नव्हे, बॅटरला फसवून झोनबाहेर बॅट घुमवायला लावायचा चेंडू आहे. दोन स्ट्राइक असल्या की अप्रतिम, शून्य-शून्यवर (बॅटरच्या पहिल्याच चेंडूला) भरवशाचा नाही.

मग स्ट्राइक कोण आणणार? फोर-सीम. हा सरळ, सगळ्यात वेगवान चेंडू, पण वेग सोडला तर त्याचा साधा आहे. काही फोर-सीम झोनच्या वरच्या भागात अपेक्षेपेक्षा कमी खाली येतात आणि बॅट त्यांच्या खालून जाते. सासाकीच्या फोर-सीममध्ये २०२५ मध्ये ती उचल कमी होती आणि हाताच्या बाजूला सरकणं जास्त. बॅटरच्या डोळ्याला ज्या रेषेची सवय आहे, साधारण त्याच रेषेत तो येतो. ९९ ला ही उणीव झाकली जाते, ९५-९६ ला बॅट बरोबर लागते.

आता एप्रिलमधला ठरलेला क्रम बघा. पहिला फोर-सीम झोनबाहेर, १-० (एक चेंडू झोनबाहेर, स्ट्राइक शून्य). बॅटरने मनाशी ठरवलं की गुडघ्याखाली काही आलं तर सोडून द्यायचं. स्प्लिटर सुंदर पडला, त्याने सोडला, २-०. आता फोर-सीम मधोमध टाकावाच लागतो. एकतर फटका, नाहीतर वॉक. डेट्रॉइटविरुद्ध घरच्या मैदानावरचा पहिला सामना असाच पावणेदोन इनिंगच्या आत संपला, ६१ चेंडू गेले.

याच कारणाने बुलपेनमध्ये दोन पिच पुरतात. प्रत्येक बॅटर एकदाच समोर येतो. स्टार्टरला तोच बॅटर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दिसतो, आणि तोवर तो स्प्लिटर सोडायला शिकलेला असतो.

योकोहामाकर
जपानमधला संदर्भ जोडतो, कारण ‘तिथे जमलं, इथे का नाही’ हा प्रश्न येणारच.

तिथे सोमवारी बहुतेक सामने नसतात आणि संघ सहा स्टार्टर वापरतात. म्हणजे आठवड्यातून एकदा, मधे सहा दिवस विश्रांती. तरीही सासाकीच्या इनिंग बघा: २०२१ ला ६३, २०२२ ला १२९, २०२३ ला ९१, २०२४ ला १११. १२९ इनिंग १ आउट ही त्याची आयुष्यातली कमाल. तो पूर्ण हंगामाचा स्टार्टर कधीच नव्हता. लोट्टेने त्याला जपूनच वापरलं. १० एप्रिल २०२२ ला ओरिक्सविरुद्ध परफेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर नाही), १९ स्ट्राइकआउट, त्यातले १३ सलग. पुढच्याच रविवारी निप्पॉन-हॅमविरुद्ध आठ इनिंग परफेक्ट असताना त्याला बाहेर काढलं. पुष्कळ लोक चिडले होते. माझ्या मते लोट्टेचं बरोबर होतं.

दुसरं, चेंडू. जपानी चेंडू किंचित लहान आणि हाताला चिकटणारा. अमेरिकन चेंडू गुळगुळीत, सामन्याआधी नदीचा चिखल चोळूनही निसटता. स्प्लिटर दोन बोटं फाकवून, शिवणीचा आधार जवळजवळ न घेता धरतात, त्यामुळे हा फरक सगळ्यात जास्त तिथे जाणवतो. चेंडू निसटेल या धाकाने पिचर मूठ आवळतो, मूठ आवळली की मनगट ताठ होतं, आणि मग फोर-सीमसुद्धा उंच जातो.

तिसरं, पिच क्लॉक (चेंडू टाकायची वेळमर्यादा). जपानमध्ये तो नाही. इथे बेस रिकामे असताना १५ सेकंद, धावक असेल तर १८.

अस्थिबंध
खांद्यावर लिहितो.

इंपिंजमेंट हे एका दुखण्याचं नाव नाही, त्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात. एकात खांद्याच्या वरच्या हाडाखाली रोटेटर कफची (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंची) कंडरा घासते. सर्वसामान्य माणसांत हीच जास्त. चेंडू फेकणाऱ्यांत दुसरी जास्त दिसते: हात पूर्ण मागे गेलेला असतो त्या क्षणी कफची आतली बाजू सांध्याच्या मागच्या-वरच्या कडेवर चिमटते. सासाकीच्या बाबतीत नेमकं कोणतं होतं हे बाहेरून सांगता येत नाही, पण दोन्हींत पिचिंगवर होणारा परिणाम सारखाच.

तो असा: हात पूर्ण मागे जाताना दुखतं, म्हणून शरीर नकळत ते अंतर कमी करतं. अंतर कमी म्हणजे चेंडूला वेग द्यायला जागा कमी. शिवाय कोपर खाली येतं, चेंडू सुटण्याची जागा बदलते आणि झोन चुकतो. म्हणजे वेग घटणं, वॉक वाढणं आणि फोर-सीमची उचल कमी होणं या तिन्हींचं मूळ एकच असू शकतं. आधीचे काही आठवडे त्याला त्रास होत होता हे मेमध्ये बाहेर आलं. त्यामुळे ‘स्टार्टर म्हणून वेग जातो’ हा वरचा निष्कर्ष मला मान्य नाही. दुखऱ्या खांद्याने टाकलेले आठ सामने घेऊन स्टार्टर आणि रिलीव्हर यांची तुलना होत नाही.

सप्टेंबरमध्ये वेग परत आला तो नुसता छोट्या स्पेलमुळे नाही. ॲरिझोनातल्या संकुलात त्याच्या खालच्या अंगावर काम झालं. मागच्या पायावर आणि नितंबावर नीट भार घेतला नाही तर सगळा जोर खांद्यावर येतो. पाय आधी, मग धड, हात शेवटी, हा क्रम लागला की तोच वेग कमी ताणात मिळतो.

रोटेशनला परतण्याआधी मी या गोष्टी मागेन: फेकणाऱ्या हाताची बाहेर फिरवण्याची ताकद दुसऱ्या हाताइतकी किंवा जास्त. दोन्ही खांद्यांची एकूण फिरण्याची कक्षा जवळपास सारखी, पाच अंशांपेक्षा जास्त फरक नको. आणि सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी ही मोजणी पुन्हा. पहिल्या दिवशी कक्षा घटतेच, तिसऱ्या दिवसापर्यंत ती परत आली पाहिजे. येत नसेल तर पुढचा सामना एक दिवस ढकलायचा. इथे कॅलेंडर बघून चालत नाही.

शेवटची_तीन
अस्थिबंध, खांद्याचा मुद्दा पटला. पण मग धोकाही तुम्हीच सांगितलात. इतिहास बघा.

नेफ्ताली फेलिझ: २०१० ला ४० सेव्ह आणि रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवा खेळाडू). २०१२ ला टेक्सासने स्टार्टर केलं, सात सामने सुरू केले, कोपर गेलं, ऑगस्टमध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया. डॅनियल बार्ड: बॉस्टनचा उत्तम आठव्या इनिंगवाला. २०१२ ला स्टार्टर, ५९ इनिंगमध्ये ४३ वॉक, ईआरए ६.२२, आणि त्यानंतर कित्येक वर्षं झोनच सापडला नाही. रेनाल्डो लोपेझ: बुलपेनमधून अटलांटाच्या रोटेशनमध्ये परत. २०२४ ला ईआरए १.९९, सगळे खूश. २०२५ ला एक सामना, आणि खांद्याची शस्त्रक्रिया. सासाकीचाही खांदाच आहे.

सॅन_होजेकर
उदाहरणं खरी आहेत, पण तिन्हींचा धडा वेगळा. बार्डचं मूळ दुखणं नियंत्रणाचं, आणि स्टार्टर झाल्यावर वेगही घटला. फेलिझचं कोपर. लोपेझ पुष्कळ वर्षांनी एकदम १३५ इनिंगवर गेला. ‘बदल धोक्याचा’ असं सरसकट म्हणण्यापेक्षा इनिंगची उडी किती हे बघायला हवं.

उलट बाजूही आहे. जॉन स्मोल्ट्झ: तीन हंगाम क्लोझर (५५, ४५, ४४ सेव्ह), आणि २००५ ला वयाच्या ३८ व्या वर्षी पुन्हा स्टार्टर. पहिल्याच दिवशी मार्लिन्सविरुद्ध दोन इनिंगही पुऱ्या झाल्या नाहीत. हंगामाअखेर २२९ इनिंग, १४-७, ईआरए ३.०६. अटलांटाने एका सामन्यावरून त्याला बुलपेनमध्ये परत ढकललं नाही. अर्थात स्मोल्ट्झकडे स्लायडर, स्प्लिटर, कर्व्ह सगळं होतं, आणि मागे साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) होता. गॅरेट क्रोशे: २०२३ ला फक्त १२ इनिंग २ आउट, २०२४ ला एकदम १४६. पण कसं? हंगामाच्या उत्तरार्धात शिकागोने त्याला चार इनिंगच्या आसपास थांबवलं, रोटेशनमध्ये मात्र ठेवलं. पुढच्या वर्षी बॉस्टनसाठी २०५.

सासाकीच्या २०२५ च्या मोठ्या लीगमधल्या इनिंग, पोस्टसीझन धरून, बरोबर ४७. दुखापतीनंतर खालच्या लीगमध्ये टाकलेल्या रिहॅबच्या इनिंग वेगळ्या. त्यावरून १७० वर उडी घेणं वेडेपणा आहे. मी ११० ते १२० ची मर्यादा धरेन. सहा जणांचं रोटेशन ठेवलं तर २४ सामने, प्रत्येकी साडेचार ते पाच इनिंग. ओहतानी दोन्ही भूमिकांचा खेळाडू म्हणून नोंदलेला असल्यामुळे तो १३ पिचरच्या मर्यादेत मोजला जात नाही, म्हणजे या संघाकडे प्रत्यक्षात एक पिचर जास्त. सहा स्टार्टर परवडतात ते म्हणूनच. त्याच्यामागे रोब्लेस्कीसारखा दोन-तीन इनिंग टाकणारा डावखुरा ठरवून ठेवायचा.

शेवटच्या दोन षटकांत यॉर्कर टाकणाऱ्याला कसोटीत नवा चेंडू देताना आपण विचारतो ना, दुसरा स्पेल टाकेल का? इथे तोच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर १२० इनिंग देऊनच मिळतं, ६० देऊन मिळत नाही. चोवीस वर्षांच्या पिचरला आत्ताच आठव्या इनिंगमध्ये बसवलं की तिसरा पिच तो कधीच शिकणार नाही. तिथे त्याची गरजच पडत नाही.

वाईकर_०७
तिसरा पिच म्हणजे कुठला? स्लायडर आहे की त्याच्याकडे.

कॅचरची_जागा
आहे, पण २०२५ मध्ये तो ना धड स्ट्राइकसाठी टाकता आला, ना बॅट चुकवण्यासाठी. मंद आणि लवकर ओळखू येणारा.

सासाकीचे दोन्ही मुख्य पिच साधारण एकाच उभ्या रेषेत काम करतात, एक वर आणि एक खाली. आडवं हलणारं काही नाही. माझी पसंती कटरला, ९०-९२ मैलांचा. फोर-सीमचीच पकड, बोटं अर्धा इंच बाहेरच्या बाजूला सरकवायची, दाब मधल्या बोटाने द्यायचा आणि हात फोर-सीमसारखाच पूर्ण सोडायचा. डावखुऱ्या बॅटरच्या हातांकडे आत, उजव्याच्या बॅटच्या टोकाकडे. फोर-सीमसारखा दिसतो, तीन-चार इंच हलतो. बॅट चुकली नाही तरी नीट लागत नाही, आणि मुख्य म्हणजे १-० वर टाकता येतो.

बिघडतो तो असा: जास्त हलावा म्हणून पिचर मनगट वळवतो. मग वेग ८७ वर येतो, चेंडू ढिला होऊन मधोमध लोंबकळतो. त्याहून वाईट म्हणजे हात चेंडूच्या बाजूला जायची सवय लागते आणि पुढचा फोर-सीमही बाजूने कापला जातो. म्हणून सरावात कटरनंतर लगेच एक फोर-सीम टाकायचा, आणि त्याची उचल मोजायची. ती घटली तर त्या दिवशी कटर बंद.

उजव्यांसाठी टू-सीमही (हाताच्या बाजूला सरकणारा वेगवान चेंडू) चालेल. पण दोन्ही एकदम शिकवू नयेत. एक पक्का झाला की दुसरा, मे-जूनमध्ये.

योकोहामाकर
टू-सीमला +१. फोर-सीम तसाही हाताच्या बाजूला सरकतो, तर त्याच्याशी भांडण्यापेक्षा तेच वापरा.

नववा_डाव
सराव शिबिराचं गणित मांडतो. फेब्रुवारीच्या मध्याला शिबिर, २६ मार्चला पहिला सामना. मधे साधारण सहा आठवडे. त्यात सहा वेळा माऊंडवर (पिचरच्या उंचवट्यावर), दर पाच-सहा दिवसांनी:

२० चेंडू, ३५, ४८, ६०, ७२, ८०.

शेवटच्या दोन वेळा पाचवी इनिंग सुरू झालीच पाहिजे, चेंडू कमी झाले तरी. बसून पुन्हा उठणं हा स्टार्टरचा स्वतंत्र व्यायाम आहे. दोन सामन्यांच्या मधे एकदा २५ चेंडूंचं बुलपेन (सरावाची फेक), त्यात निम्मे पूर्ण जोराने नकोत. एका इनिंगमध्ये २५ च्या वर चेंडू गेले तर तिथेच थांबवायचं आणि पुढच्या इनिंगला परत आणायचं. शिबिराच्या सामन्यांत हे चालतं, त्याचा फायदा घ्यावा.

मार्चचा ईआरए बघू नये. या तीन गोष्टी बघाव्यात: पहिल्या चेंडूवर स्ट्राइक ६० टक्क्यांच्या खाली नको, लीगची सरासरी साधारण तेवढीच आहे. पहिल्या आणि चौथ्या इनिंगमधल्या फोर-सीमच्या वेगात दीड मैलापेक्षा जास्त घट नको. आणि फोर-सीम व स्प्लिटर सोडून बाकीचे चेंडू पाचात एक तरी असावेत.

शेवटची_तीन
हे निकष मान्य. पण ते पुरे झाले नाहीत तर काय हे आत्ताच ठरलं पाहिजे. नाहीतर मे उजाडेल आणि बुलपेन दुखायला लागलं की घाईने त्याला तिथे टाकतील. ब्रूअर्सविरुद्ध पहिल्या सामन्यात नववी इनिंग त्याला संपवता आली नव्हती हेही लक्षात घ्या. दोन वॉक, एक डबल, एक धाव, आणि दुसरा रिलीव्हर ट्रायननने सामना वाचवला. वॉकचा रोग बुलपेनमध्येही होताच, फक्त इनिंग कमी म्हणून झाकला गेला.

सॅन_होजेकर
हा तर स्टार्टरच्या बाजूचा मुद्दा झाला. रोग दोन्हीकडे असेल तर जिथे तो सुधारायला चेंडू मिळतात तिथे ठेवा.

नाही जमलं तर ओक्लाहोमा सिटी (डॉजर्सचा खालच्या लीगमधला संघ), तेही स्टार्टर म्हणूनच. त्याच्याकडे ऑप्शन (संघाला त्याला खालच्या लीगला पाठवण्याची मुभा) आहेत, त्याला खाली पाठवायला काहीच आडवं येत नाही. रॉय हॅलडेचं उदाहरण घ्या. २००० मध्ये ६७ इनिंग, ईआरए १०.६४. टोरंटोने २००१ मध्ये त्याला थेट डनीडिनला, सिंगल-ए ला (खूप खालच्या पायरीच्या लीगला) पाठवलं. पिचिंग प्रशिक्षक मेल क्वीनने हाताचा कोन खाली आणला, सरळ फेकणं थांबवून चेंडू हलायला लावला. २००३ ला साय यंग. मोठ्या लीगच्या बुलपेनमध्ये राहून हे झालं नसतं, कारण तिथे उद्याचा सामना जिंकायचा असतो.

अस्थिबंध
एक भर. भूमिका वारंवार बदलू नका. स्टार्टरमधून रिलीव्हर आणि परत स्टार्टर असं एका हंगामात केलं की खांद्याला दोन्ही बाजूंनी त्रास. रिलीव्हरला कमी वेळात तापून पूर्ण जोर लावावा लागतो, लागोपाठ दोन दिवस उठावं लागतं. आणि तिथून ८० चेंडूंवर परत यायला चार आठवडे लागतात. बदलायचंच असेल तर एकदाच, आणि ऑगस्टनंतर, इनिंगची मर्यादा जवळ आल्यावर.

वाईकर_०७
पिच क्लॉकचा खरंच फरक पडतो का, की जपानहून येणाऱ्या प्रत्येकाबद्दल असंच म्हणतात?

योकोहामाकर
बेस रिकामे असताना कमी, धावक असताना जास्त. धावक आल्यावर पिचर पाय पटकन टाकतो. सासाकीची लाथ (लेग किक) मोठी, डावा पाय छातीपर्यंत उचलणारी. ती घाईत आवरली की मागच्या पायावर भार येत नाही, मग अस्थिबंध यांनी लिहिलेला क्रम तुटतो. त्यामुळे मार्चमध्ये पहिला बेस भरलेला असताना त्याचा वेग आणि झोन वेगळे मोजावेत. रिकाम्या बेसवर ९८ आणि धावक असताना ९५ असेल तर दुखणं खांद्यात शोधू नका, लाथेत शोधा.

कॅचरची_जागा
कॅचर विल स्मिथचं कामही इथेच सुरू होतं. धावक तिसऱ्या बेसवर असताना स्प्लिटर मागायचा तर तो मातीत पडणार हे धरूनच बसावं लागतं. कॅचर चेंडू अडवायला कचरला की पिचर तो पिच उंच टाकतो, आणि उंच स्प्लिटर म्हणजे ८५ मैलांचा सरळ चेंडू. पहिल्या तीन सामन्यांत १-० वर काय मागितलं जातंय ते नोंदवून इथे टाका. कटर दिसला तर योजना चालू आहे. सलग स्प्लिटरच दिसले तर एप्रिल २०२५ पुन्हा सुरू झालंय.